काशीआबांची मूठ

मी फोन घेतला हीच चूक झाली. हात कोपरापर्यंत पिठात, फोन ओट्यावर तेलाच्या बरणीला टेकून थरथरतोय. सोडून दिला असता तर वाजून वाजून गप्प बसला असता आणि पलीकडच्या माणसानं दुसऱ्या कुणाला तरी लावला असता. पण वाजणारा फोन मला सोडवत नाही. करंगळीनं हिरवं दाबलं, मान वाकडी करून कान लावला, तर रुक्मिणीचा आवाज, कुजबुजल्यासारखा. "ताई, आबा गयात." रुक्मिणी माझी चुलत जाऊ, गावी असते, शिंदखेड्याच्या पुढे. आबा म्हणजे तिचे सासरे काशीराम, माझ्या सासूबाईंचे धाकटे दीर. गयात म्हणजे गेले. एवढी अहिराणी मला लग्नाआधीपासून कळते. तरी मी बावळटासारखं विचारलं, "कुठे?" मग डोक्यात उजेड पडला, आणि पहिलं काय केलं असेल मी, तर पायानं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

दाराबाहेर सासूबाई गात होत्या. गात म्हणजे काय, एक ओळ म्हणायची, दम खायचा, पुन्हा एक ओळ. श्रावणातला रविवार, कानबाईचा. सुरतेत, डिंडोलीत आमच्या सोसायटीत एक घर सोडून दुसऱ्या घरात तीच गडबड, तोच पुरणाचा वास, आणि कोपऱ्यावरच्या मंडपात चाचणी म्हणून मधूनच खरखरणारा लाउडस्पीकर. "अजून कोनले सांगं नही," रुक्मिणी म्हणाली. "मी न् ह्या, दार लाईसन बठनूत." ह्या म्हणजे तिचा नवरा किसन. आबांना पहाटे चहा द्यायला गेली तर अंग गार. "आज बठ्ठासना घर रोट शे ताई. मी तोंड उघाडं तं बठ्ठासनी कानबाई ऱ्हाई जाई. तुम्हनं मोठं घर. मोठी मायले इचारीसन सांगा, काय करू?" बठ्ठा म्हणजे सगळे, मोठी माय म्हणजे माझ्या सासूबाई. एवढं सगळं ती एका श्वासात, एका पट्टीत बोलली, जणू गावात पाणी आलं नाही हे सांगतेय.

आता हे सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्या माणसाला वाटेल एवढं काय त्यात. कानबाई म्हणजे खानदेशातल्या घरांची वर्षातून एकदा येणारी माहेरवाशीण. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, साडी नेसवायची, संध्याकाळी चौरंगावर बसवायची, सकाळी वाजतगाजत पाण्यात पोचवायची. तिच्या नैवेद्याला रोट. भाऊबंदकीतल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू, मग तो पुरुष पाळण्यातला असो की खाटेवरचा, सुरतेत असो की मस्कतात. त्या गव्हाचं एकत्र पीठ, आणि ते पीठ फक्त घरच्यांनीच खायचं. आणि भाऊबंदकीत कुणी गेलं, की सुतक. सुतकात कानबाई बसत नाही. एकाच्या घरची नाही, सगळ्यांच्या घरची. भेस्तानची, नवागामची, गावची. म्हणजे रुक्मिणी त्या बंद दाराआड नुसत्या मढ्याजवळ बसली नव्हती, वीस-पंचवीस घरांचा सण पदराखाली झाकून बसली होती, आणि आता पदराचं एक टोक तिनं माझ्या हातात दिलं होतं.

मी विचारलं नाही. सासूबाई चार पावलांवर होत्या. दार उघडायचं आणि म्हणायचं, आई, रुक्मिणीचा फोन आहे. झालं असतं. पण मला त्यांची खाट दिसत होती, जी कालपासून रिकामी होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आल्यावर दिवसभर भिंतीकडे तोंड, आणि ही बाई काल सकाळी उठून बसली, न्हाली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि म्हणाली, मखर मन्हासमोर बांधा. करोनात ओंकार, माझा नवरा, दवाखान्यात पडला होता. काचेपलीकडे. तेव्हा सासूबाईंनी बोली केली होती, म्हणजे नवस: पोऱ्या घरी आला तर कानबाई बसवीन. पोऱ्या आला. कानबाई काही बसली नाही. एकदा भेस्तानच्या चुलत्यांचं सुतक, एकदा सासरेच गेले, मग यांचंच आजारपण. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन गुजरातीत सांगितलंय, बेन, पुढच्या वर्षाचं काही बोलू नका. आणि सासूबाईंना ते न सांगताच कळलंय. त्या मरणाला भीत नाहीत, बोलीला भितात. आपण गेलो की ती पोराच्या डोक्यावर बसेल, हे त्या झोपेतसुद्धा बडबडतात. मी ऐकलंय. मी रुक्मिणीला म्हणाले, "विचारलं. उद्या सकाळपर्यंत थांब म्हणाल्या. विसर्जन झालं की लगेच सांगू सगळ्यांना." तिनं खात्री करून घेतली. "मोठी मायनी आशे सांगं?" "हो." "बरं," रुक्मिणी म्हणाली, आणि फोन ठेवला.

मग मी पीठ मळायला लागले. काय करणार दुसरं? माझं काही चुकलंय असं मला तेव्हा वाटलंच नाही, उलट जरा ऐटच वाटली. नास्तिक बाई मी! आमचे वडील, प्रभाकर मास्तर, देवघराच्या कोनाड्यात शब्दकोश ठेवायचे. मी महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते, सुतक म्हणजे जुन्या काळचं क्वारंटाइन असं पोरांना समजावून सांगते, आणि पोरं घरी जाऊन आयांना सांगतात, आणि आया माझ्याकडे भांडायला येतात. मला काय त्या सुतकाचं? मेलेल्या माणसाचं काही बिघडत नाही, जिवंत बाईचा जीव शांत होतो. साधा हिशेब. हातानं गोळा दाबत होते, उलटत होते, पुन्हा दाबत होते, आणि अचानक हात थांबला. ह्या पिठात आबांची मूठ होती.

कालच तर मोजले गहू. सासूबाई सूप घेऊन बसल्या होत्या, दर मुठीला नाव घेत होत्या. ओंकारची, किसनची, पोरांची. काशीरामआबांचं नाव आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडून ओंजळ भरली आणि मला डोळा मारून म्हणाल्या, "काशीनी मूठ मोठी. त्याले भूक जास्त." सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सासू नव्हती, होता तो हा एवढासा दीर, शेंबडा, ह्यांच्या कडेवरून उतरायचा नाही. पाणी आणायला कडेवर, शेतात कडेवर. मोठा झाल्यावर ओंकारच्या वडिलांनी त्याला सुरतेला आणला, कापडाच्या लूमच्या खात्यात लावला, तर आठवड्यात पळाला. म्हणे, वहिनी, त्या आवाजात मला तुझी हाक ऐकू येत नाही. हे सांगताना सासूबाई दरवेळी हसायच्या आणि दरवेळी नाक पुसायच्या. आबांना मी चार-पाचदाच भेटले असेन. उंच, वाकलेले, पायरीवर बसून विडी ओढणारे. माझ्याशी शुद्ध बोलायला जायचे आणि घामाघूम व्हायचे. ती ओंजळ आता ह्या गोळ्यात होती, माझ्या नखांत होती. काढू म्हटलं तरी काढता येणार नव्हती. पीठ एकदा झालं की कुणाचं कुठलं, कोण सांगणार! मी उगाचच हात धुतले. आणि धुतल्यावर लक्षात आलं, की धुतलेलं पाणी मोरीत गेलं, आणि रोटाचं पीठ असं मोरीत घालवत नाहीत. तर त्याचीही भीती वाटली. मला! प्रभाकर मास्तरांच्या मुलीला!

"अपर्णा, अगं ती लाइटिंगची पिन कुठंय यार?" ओंकार दारात. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, गळ्यात बल्बांची माळ, चेहरा लहान पोरासारखा. त्याला सांगावं का? त्याचे काका. पण ह्या माणसाच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं, मॅच हरली तरी सोसायटीला कळतं. "कपाटावर," मी म्हटलं. "आई बघितलीस का आज? मस्त आहे ना? मी तर म्हणतो डायलिसिसपेक्षा दर महिन्याला कानबाई बसवू." हसला आणि गेला. त्याच्या काकाला मी त्याच्यापासून चोरला होता. हे वाक्य डोक्यात आलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं.

दुपार चढली तशी बायका जमल्या. शेजारच्या कलाबाई पुढे, टाळ घेऊन. लग्नात गाणं यांचंच, बारशाला यांचंच, मयतीला रडणं धरायलाही यांनाच बोलावतात. आवाज असा की अख्ख्या नवागामला ऐकू जावा. सासूबाई मधोमध बसून नारळाला हळद लावत होत्या. कलाबाईंनी कानबाईच्या नवऱ्याची थट्टा करणारं काहीतरी गायलं, बायका फिदीफिदी हसल्या, आणि सासूबाई, ज्यांना महिनाभरात मी हसताना पाहिलं नव्हतं, त्या इतक्या हसल्या की खोकला आला, डोळ्यांतून पाणी. मी पाण्याचा पेला घेऊन धावले. त्यांनी पेला धरला, माझ्याकडे पाहिलं. "तुन्हा तोंडले काय व्हयनं वं?" "काही नाही, धूर." "गॅसले कुठला धूर?" बायका पुन्हा हसल्या. मीही हसले. हसताना गालांची कातडी ओढली गेली ते मला जाणवलं. माझे बाबा गेले तेव्हाही मी असंच सगळं नीट केलं होतं. त्यांची इच्छा होती, काही विधी नको. विद्युतदाहिनी, बटण, पावती. घरी येऊन मी फरशी पुसली आणि सहामाहीचे पेपर तपासले. लोक भेटायला आले त्यांना चहा केला. एक बाई माझ्या गळ्यात पडायला आली तर मी तिला बसा ना, म्हणाले. शहाणी मुलगी, असं सगळे म्हणाले.

फोन पुन्हा थरथरला, मी बाथरूममध्ये जाऊन घेतला. बाहेर गाणं इतकं जोरात की एक कान बोटानं बंद करावा लागला. "ताई, बरफ कोठे मियत नही. ह्या दोंडाईचाले जातस म्हणतस, पण कोनी इचारं बरफ कसाले, तं?" शेजारीण दोनदा दार वाजवून गेली होती. आज सणाचं दार बंद का, म्हणून. रुक्मिणीनं आतून सांगितलं, मला ताप आहे. "आबांना नीट झोपवलंत का?" मी विचारलं, शाळेत विचारतात तसं. "हां." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "ताई, रडताबी येत नही. भितले भित शे. आवाज जाई. मी पदर तोंडमा कोंबीसन बठनू." भिंतीला लागून भिंत, पलीकडे ती शेजारीण. नळ उगाच सोडला. सुतकाचा विचार केला होता मी, सासूबाईंचा केला होता, देवीचासुद्धा केला होता. मेलेल्या माणसापाशी बसलेल्या बाईला रडावं लागतं, आणि रडायला दार उघडं लागतं, हे माझ्या साध्या हिशेबात आलंच नव्हतं.

आणि तरीही मी बाहेर आले आणि गप्प बसले. खरं सांगते, मला तोवर कानबाईची भीती वाटायला लागली होती. नारळाला कुंकवानं भुवया काढल्या होत्या, एक डोळा काढून झाला होता, दुसरा व्हायचा होता, आणि तो एक डोळा माझ्याकडे बघत होता. नारळ आहे, मी स्वतःला सांगत होते. बाजारातून मी आणलाय, हलवून पाणी वाजतंय का ते बघून. सोंग आहे हे सगळं, कलाबाईंना ठाऊक, सासूबाईंना ठाऊक, बल्ब लावणाऱ्या ओंकारलाही ठाऊक. नथ खोटी, साडी सासूबाईंच्या पेटीतली जुनी. पण सोंगातही एक आत आणि एक बाहेर असतं, आणि मी बाहेर उभी राहून आतल्या सगळ्यांना फसवत होते. पूजा करणारे सगळे निवांत, देव न मानणारी मी एकटी थरथर कापतेय. वा रे न्याय! एकदा ही चौरंगावर बसली की सकाळपर्यंत कुणी तिला उठवू शकणार नव्हतं, मग माझी सुटका होती. मी मनात म्हणत होते, बसवा, लवकर बसवा.

तिसरा फोन संध्याकाळी, किसनचा. तो माझ्याशी कधी बोलत नाही, लाजतो. "वहिनी," तो मराठीत म्हणाला, एकेक शब्द शोधत, "मोठी मायला तोंड पाहायचं असेल तर... उद्या तोंड पाहण्यासारखं राहणार नाही. गरमी फार आहे. मी तिला दोष देत नाही. तिनं थांबा सांगितलं तर थांबू. फक्त सांगून ठेवतो." मी दारात उभी होते. खोलीत सासूबाईंनी नारळ दोन्ही हातांत उचलला होता, कलाबाई पुढे सरून चौरंगावरचे तांदूळ सारखे करत होत्या, ओंकारनं मोबाइलचा कॅमेरा धरला होता. मोठी माय थांबा म्हणाली, असं तो समजत होता. त्याच्या बापाचं तोंड नासत होतं आणि त्या नासण्यावर मी सासूबाईंचं नाव लिहून मोकळी झाले होते. "आई!" मी ओरडले. गाणं तुटलं. मी फोन हातात तसाच धरून म्हणाले, "आई, काशीआबा गेले. पहाटेच गेले. मला सकाळपासून माहीत आहे. तुम्ही थांबा म्हणालात असं मीच त्यांना खोटं सांगितलं."

बाहेर कोपऱ्यावर लाउडस्पीकर चाचणी, हॅलो, हॅलो. सासूबाईंच्या हातातला नारळ चौरंगापासून वीतभर वर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नारळाकडेच पाहत होत्या, आणि मला वाटलं, ठेवतील. ठेवतील आणि म्हणतील, ऐकलं नाही मी काही. ठेवला असता तर कुणाचीही हरकत नव्हती, कलाबाईंनी मान फिरवून भिंतीकडे पाहायला सुरुवातही केली होती. तेवढी सवड दिली सगळ्यांनी त्यांना. मग त्यांनी नारळ मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि बोटांनी त्याची नथ काढायला लागल्या. "माफ कर माय," त्या नारळाला म्हणाल्या, अगदी घरातल्या बाईशी बोलावं तसं. "मन्हा घर मढं पडेल शे. आज तुले बसाडता येत नही. बोली मी करेल व्हती, मन्ही मानवर ठेव. पोऱ्याकडे देखू नको." मग साडी काढली, घडी केली. ओंकार "आई, आई" करत खाली बसला, तर त्याला हातानं मागे सारलं. आणि आता माझ्याकडे पाहिलं. "तुले कोनी सांगं व्हतं ठरावाले?"

"आई, तुमची बोली..."

"देवी थांबस वं!" त्या ओरडल्या. इतका आवाज त्या देहात कुठून आला कुणास ठाऊक. "देवी दर साल येस. मढं थांबत नही. मन्ही कडेवर वाढना तो! तठे एकला पडेल शे न् आठे मी हासी ऱ्हायनू. तू माले हासू दिन्हं!" त्यांच्या हातात काही असतं तर त्यांनी मला फेकून मारलं असतं, आणि बरं झालं असतं. पुढचा श्रावण नाही हे त्यांना माहीत होतं. ती बाई सगळं हातातून सोडून देत होती, आणि मी दिवसभर ते तिच्यासाठी घट्ट धरून बसले होते, चोरासारखी, तिला एका शब्दानं न विचारता. "फोन लाव," त्या म्हणाल्या. फोन लागलेलाच होता; किसन सगळं ऐकत होता. मी स्पीकर लावून फोन त्यांच्यासमोर धरला.

"किसन, आम्ही निंघनूत. तोंड देखाले येस मी. रुक्मिणीले दे." फोन तिच्या हातात गेला. मग श्वास. "रुक्मिणी, दार उघाड बेटा. रड आते. मोठ्ठं रड." पलीकडे कडी काढल्याचा आवाज आला, लोखंडी, करकरणारा, आणि त्याच्यामागून रुक्मिणीचा टाहो आला. फोन माझ्या तळहातात थरथरला. सासूबाईंनी मांडीवर हात आपटला आणि पहिली ओळ घातली, काशी रे, मन्ही कडेवरना काशी. आणि कलाबाई, ज्यांच्या हातात अजून टाळ होते, त्यांनी टाळ खाली ठेवले आणि त्याच गळ्यानं, त्याच पट्टीत, ती ओळ उचलली. मागून बाकीच्या बायका. मघाशी थट्टेची गाणी गात होत्या त्याच. त्यांतल्या निम्म्यांनी काशीरामआबांना पाहिलंही नव्हतं.

मी उभीच होते, फोन धरून, कोरडी. काय करायचं ते मला येत नव्हतं. पळून स्वयंपाकघरात जावं, गॅस बंद करावा, गाडी बोलवावी, अशी कामं डोक्यात रांगेनं यायला लागली. कलाबाईंनी रडता रडताच माझा हात धरून मला खाली ओढलं. "बठ." "मला रडता येत नाही, कलाबाई," मी म्हणाले. त्यांनी माझी ओढणी माझ्या डोक्यावरून पुढे ओढली, तोंडावर, हनुवटीपर्यंत, आणि मान खाली दाबली. "पहिले तोंड झाक," त्या कानाशी म्हणाल्या. "रडू मांगून येस." मी तोंड झाकलं. ओढणीच्या आत अंधार होता, पुरणाचा वास होता, माझाच गरम श्वास होता. बाहेर बायकांचा आवाज चढत होता आणि तळहातातून रुक्मिणी. मी नुसतं तोंड उघडलं, त्यांच्यासारखं, खोटं खोटं. मग ते मला मिटता आलं नाही.